दोन किल्ल्यांचं स्वयंपाकघर

घर बांधायचं ठरलं त्या दिवशी यज्ञेश्वररावांनी सर्वांत आधी काय ठरवलं, तर चोर कुठून येईल ते.

इतर माणसं आधी देवघराचा कोपरा ठरवतात, विहीर की नळ यावर आठ दिवस घालवतात, ओटा किती रुंद यावरून मेहुण्यांशी वाकडं घेतात आणि घर उभं राहिलं की मग बाजारात जाऊन एक कुलूप आणतात. यज्ञेश्वररावांच्या मते सगळी चूक तिथंच होते. "कुलूप हे बंदोबस्ताचं शेवटचं पान," ते म्हणत. "पहिलं पान पाया खणायच्या आधी लिहायचं असतं." ते उज्जैनच्या सरकारी खजिन्यात वरिष्ठ कारकून होते, त्यामुळे हे वाक्य त्यांच्या तोंडी शोभायचं. निदान त्यांना तसं वाटायचं.

फ्रीगंजमधला प्लॉट ताब्यात आला, त्या पहिल्याच रविवारी ते बायकोला, आईला आणि अडीच वर्षांच्या मीनाला घेऊन तिथं गेले. जयूला वाटलं, नारळ फोडायचा असेल. यज्ञेश्वररावांनी तिला गोखरूच्या काट्यांत एका जागी उभं केलं आणि सांगितलं, "तू म्हणजे पुढचं दार. हलू नकोस." मग आईला, म्हणजे अक्कांना, मागच्या दाराच्या जागी उभं केलं. स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत गेले, धोतराचा काचा मारला आणि चवड्यांवर, मान खाली घालून, चोराच्या चालीनं प्लॉटकडे यायला लागले.

शेजारच्या मंगलाताई गॅलरीत केस वाळवत होत्या. त्यांनी विचारलं, "अहो, काही हरवलं का?"

"अजून नाही," यज्ञेश्वरराव गंभीरपणे म्हणाले, आणि अक्कांच्या बाजूनं घरात शिरले.

मीनाला हा खेळ फारच आवडला. तेव्हापासून ती 'चोर' हा शब्द 'मामा' या शब्दाइतक्याच प्रेमानं म्हणायला लागली.

रात्री जेवणं झाल्यावर यज्ञेश्वररावांनी फुलस्केप घेतला आणि तीन प्रश्न लिहिले. राखायचं काय? कोणापासून? आणि तो येणार कुठून? दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला चार पानं लागली. पहिल्याचं उत्तर मात्र अर्ध्या पानातच आटोपलं. अक्कांचे चांदीचे देव, जयूच्या चार बांगड्या, एक पेटी जिचे तीन सूर मुके होते, आणि तांब्याचा बंब. इतक्या मोठ्या बंदोबस्ताला इतकी लहानशी यादी शोभेना, म्हणून त्यांनी बंबाचं झाकण वेगळं लिहिलं.

जयूनं भांडी आवरता आवरता तो कागद वाचला. त्यात मीना नव्हती. असायचं कारणही नव्हतं म्हणा. कुठला चोर अडीच वर्षांची, सतत भूक लागणारी पोर उचलून नेईल? पण जयूची पंचाईत निराळी होती. तिच्या घरातली सर्वांत मोलाची वस्तू चोराची वाट पाहत बसणारी नव्हती. ती आपल्या पायांनी जात असे.

देवास गेटजवळच्या त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत स्वयंपाकाची खोली मागे होती, आणि तिला खिडकी म्हणून नव्हती. जयू चुलीपुढे बसली की तिला दिसे फक्त धूर आणि धुरामागची भिंत. मीना बाहेर काय करते आहे हे ती कानांनी पाहत असे. वाटी आपटली, बरं चाललंय. रडली, तेही बरं. आवाज बंद झाला, की तव्यावरची पोळी तशीच टाकून पळायचं. एकदा फोडणी चरचरत होती, त्यात आवाज बंद झालेला कळलाच नाही. अर्ध्या तासानं एका टांगेवाल्यानं मीनाला आणून दिलं. ती बसस्टँडपाशी त्याच्या टांग्यात चढून बसली होती आणि कुठं जायचं विचारल्यावर रुबाबात म्हणाली होती, "हो." टांगेवाला हसत होता. जयूही हसली, आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

म्हणून नव्या घरात तिला एकच गोष्ट हवी होती. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला खिडकी, आणि तीही खाली, जमिनीपासून हात-दीड हातावर. म्हणजे चुलीपुढे पाटावर बसून नुसती मान वर केली की अंगण दिसेल.

"हात-दीड हातावर?" यज्ञेश्वररावांनी पेन्सिल खाली ठेवली. "अगं, ती खिडकी नाही, ती पायरी झाली. चोराला चढावंसुद्धा लागणार नाही."

"गज लावू."

"गज कापतात."

"मग मीनाला कुठून पाहू?"

"मीनाला मी पाहतो आहेच ना? हे सगळं चाललंय कोणासाठी?" हे ते अगदी मनापासून म्हणाले, आणि तीच तर अडचण होती. वाईट नवऱ्याशी भांडता येतं. मीनाला ताप आला की रात्रभर तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाशी भांडायचं तर शब्द कुठून आणायचे?

सल्ल्याला शेजारी होतेच. मंगलाताई म्हणाल्या, कुत्रा पाळा. कोपऱ्यावरचे दत्तात्रय मास्तर म्हणाले, भिंतीवर काचा रोवा. पण मग त्यांना आठवलं की आपल्या भिंतीवर काचा रोवल्यापासून आपलीच मांजर लंगडते आहे, आणि ते जरा नरमले. आणि प्लॉटला लागूनच बापू राहत. शिंदे सरकारच्या अमदानीत बापू पोलीस जमादार होते. राज्य विलीन झालं, पण त्यांच्या मिशा विलीन झाल्या नाहीत. खिडकीचा नकाशा डोळ्यांपासून लांब धरून ते म्हणाले, "वहिनी, बुरा मत मानना. मी तीस वर्षं घरफोड्या पाहिल्या. एवढ्या खालच्या खिडकीतून मी स्वतः, या वयात, पाच मिनिटांत आत येऊन दाखवतो. आणि त्यात उन्हाळ्यात सिंहस्थ. लाखो लोक येणार. सगळेच काय साधू असतात?"

झालं. खिडकीच्या जागी आढ्याजवळ वीतभर रुंदीचे दोन झरोके आले, त्यांनाही सळया. जयूनं नकाशा पाहिला आणि घडी घालून परत ठेवला. पुढच्या अंगणाला ओटा राहिला होता. त्यावर समाधान मानायचं ठरवलं.

नकाशांच्या ऑफिसात मात्र नकाशा अडला. तिथल्या बाबूंनी 'माजघर' या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "ये क्या होता है?" यज्ञेश्वररावांनी माजघर समजावून सांगितलं. बाबूंनी पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं आणि म्हणाले, "वो सब ठीक है, पर खिडकियाँ कहाँ हैं? जेल का नक्शा हमारे यहाँ पास नहीं होता, पंडितजी." यज्ञेश्वररावांना हे फार लागलं. खजिन्यातल्या माणसाला कोणी कंजूष म्हटलं तर चालतं, पण त्याच्या बंदोबस्ताला हसलेलं चालत नाही. त्यांनी दहा कलमांचा खुलासा लिहिला. मागच्या भागाला तेवढी तात्पुरती परवानगी मिळाली, आणि उरलेली फाईल वर गेली.

फाईल वर असतानाच एका नोव्हेंबरी सकाळी मध्यभारत संपला. आदल्या दिवशी होता, दुसऱ्या दिवशी नव्हता. ज्या राज्यात अर्ज केला, ते राज्यच उरलं नाही, आणि फाईल, असं ऐकिवात आलं, इतर फाइलींबरोबर भोपाळला गेली. अक्का म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत हे तिसरं सरकार. आणि आपली अजून एक भिंत उभी नाही." यात सरकारचा दोष किती आणि यज्ञेश्वररावांचा किती, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

यज्ञेश्वररावांचा दोष असलाच, तर तो दोन किल्ल्यांचा होता.

त्याचं असं होतं. सरकारी खजिन्याच्या तिजोरीखोलीला दोन कुलपं असतात आणि दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांपाशी. एकटा कोणीच आत जाऊ शकत नाही. यज्ञेश्वरराव म्हणत, माणसाचा प्रामाणिकपणा असा दोघांत वाटून ठेवलेला बरा. एकाकडे सगळा दिला तर त्याला पेलत नाही. त्या दिवसांत सिमेंट परमिटवर मिळे, आणि मिळे तेही देवाच्या प्रसादासारखं, रांगेत उभं राहून. मिळालेली पोती त्यांनी बापूंच्या अंगणातल्या कोठीत रचली आणि कोठीला दोन कुलपं ठोकली. वरच्या कुलपाची किल्ली यज्ञेश्वररावांच्या जानव्याला, खालच्याची बापूंच्या जानव्याला. दाराशी खिळ्याला दोरीनं बांधलेली वही. कुलपं उघडली की वहीत वेळ, पोती किती, आत आणखी काय आहे याचा शेरा, आणि दोन सह्या.

गोपाळ मिस्त्री रोज सकाळी हा सोहळा हात जोडून पाहायचा. "साब, ये रसोई बन रही है कि किला?"

"पाया मजबूत तो सब मजबूत," यज्ञेश्वरराव सांगायचे. मग साडेनऊला ते ऑफिसात जायचे. त्यानंतर सिमेंट संपलं तर संध्याकाळी सहापर्यंत थांबायचं, कारण एका किल्लीनं उघडायचं नाही असा नियमच होता, आणि बापू नियमाचे फार पक्के. दुपारी गोपाळ लिंबाखाली बिडी ओढत बसलेला दिसे. कधी कधी मात्र तो सिमेंटशिवायही काम करताना दिसे. आपल्या घरासाठी किती खपतो बिचारा, असं जयूला वाटायचं.

अशा रीतीनं चार महिन्यांत एकच खोली उभी राहिली, ती म्हणजे मागचं स्वयंपाकघर. त्यावर छत पडलं, तिला सागवानी दार बसलं. दारावर पत्रा, बिजागऱ्या आतून, कडीचे बोल्ट आरपार नेऊन आतल्या बाजूनं आवळलेले. खाली फक्त दोन बोटांची फट राहिली होती, तीही उंबरा बसला की बुजणार होती. घराला अजून घर म्हणावं असं काही नव्हतं, पण बंदोबस्त पुरा झाला होता. सिमेंट बापूंच्या कोठीतून या खोलीत आलं, दोन्ही कुलपं या दाराला आली, वहीही आली.

आणि एके सकाळी यज्ञेश्वरराव फाईल शोधायला भोपाळला निघाले.

बस सातची होती, देवास गेटवरून. त्याआधी गोपाळला दिवसभराची दोन पोती काढून द्यायची म्हणून ते पिशवी घेऊनच प्लॉटवर आले. जयू रोज सकाळी भिंतींना पाणी मारायला यायची, तशी आली होती. बरोबर अक्का आणि मीना. दोन किल्ल्या लागल्या, दोन कुलपं उघडली, गोपाळनं दोन पोती बाहेर काढली. यज्ञेश्वररावांनी उरलेली पोती मोठ्यानं मोजली. बापूंनी चष्मा लावून लिहिलं: 'पोती एकोणीस. आत अन्य काही नाही.' सही, सही. दार लोटलं, दोन्ही कुलपं ओढून पाहिली, एकदा यज्ञेश्वररावांनी, एकदा बापूंनी. बस चुकेल म्हणून यज्ञेश्वरराव जवळजवळ धावतच गेले. जाताना त्यांनी जयूला सांगितलं, "मीनाला सांभाळ."

जयूनं तिसरी बादली भिंतीवर ओतली आणि तिला जाणवलं की आवाज नाही.

ती आधी गल्लीत धावली, कारण मीना नेहमी बाहेरच जाते. मग मंगलाताईंकडे. मग थेट टावर चौकापर्यंत. तिथं उभ्या असलेल्या तिन्ही टांग्यांत वाकून पाहिलं. टांगेवाले तिच्याकडे बघत राहिले. पदर सावरायचं तिला सुचलं नाही. ती परत आली तेव्हा अक्का त्या सागवानी दारापाशी जमिनीवर पालथ्या झाल्या होत्या आणि दाराखालच्या फटीला कान लावून म्हणत होत्या, "हो गं बाळा. मी आहे ना. मी आहे."

"आई," आतून बारीक आवाज आला, "काळोख आहे. दार काढ."

बापूंनी ताबडतोब जानव्याची किल्ली काढून खालचं कुलूप उघडलं. वरचं तसंच लोंबत राहिलं. त्याची किल्ली सायकलीपेक्षा जोरात भोपाळकडे निघाली होती. दत्तात्रय मास्तर सायकल दामटत देवास गेटला गेले आणि घामाघूम होऊन परतले. बस गेली होती.

मंगलाताई म्हणाल्या, "भोपाळला तार करा की!"

"तारेतून किल्ली येते का, मंगलाताई?" बापू म्हणाले.

गोपाळनं पहार घेतली. कडीत घातली, दोघांनी मिळून जोर लावला, आणि पहार वाकली. बिजागऱ्या आत. बोल्ट आत. बापूंनी दारावर हात फिरवला, आणि तीस वर्षांची नोकरी त्यांच्या तोंडून आपोआप बोलून गेली, "दार मात्र झकास झालंय हां."

जयूनं त्यांच्याकडे पाहिलं. बापूंनी हात मागे घेतला.

"भिंत फोडा," ती म्हणाली.

"हो, हो. पण आधी वहीत लिहायला हवं. डबल लॉक मोडायचं म्हणजे कारण, वेळ, पंच..."

जयूनं खिळ्याची वही दोरीसकट ओढून काढली आणि काखेत मारली. ती आजवर बापूंपुढे मान वर करून बोलली नव्हती. "बापू, आधी मीना बाहेर येईल. मग मी तुम्हाला पानभर लिहून देईन."

अक्का तेवढ्या वेळात दाराखाली दोन बोटं सरकवून पडल्या होत्या. पलीकडून ती बोटं कोणीतरी घट्ट धरली होती. "मोज बघू माझी बोटं," अक्का म्हणत होत्या. "एक," आतून आलं, "दोन, चार." अक्कांनी दोनाची चार होऊ दिली. "शाब्बास. पुन्हा मोज. हात सोडायचा नाही हं, काही वाजलं तरी."

"बाईसाब, कहाँ से फोडूँ?" गोपाळनं विचारलं.

बापू म्हणाले, वरून, झरोक्यापासून. पण वरून विटा आत पडल्या तर? डावीकडच्या भिंतीला पोती रचलेली. मीना दारापाशी होती, म्हणजे दारासमोरची भिंत तिच्यापासून सर्वांत लांब. जयू वळसा घालून मागे गेली, वाकली, आणि जमिनीपासून हात-दीड हातावर, भिंतीच्या बरोबर मध्यावर तळवा टेकला. "इथून."

गोपाळचा चेहरा पडला. "यहाँ से? यहाँ क्यों, बाईसाब? जरा उधर से, कोने से..."

"यहीं से."

"वो क्या है कि यहाँ..."

"गोपाळ, फोड!"

गोपाळनं डोळे मिटून पहार मारली. पहार वीतभर आत गेली, काही अडलंच नाही. दुसऱ्या घावाला पाच विटा अशा सुटून आल्या की जणू कोणी त्या फळीवर नुसत्या मांडून ठेवल्या होत्या. पंधरा मिनिटांत भोक माणूस जाईल एवढं झालं. बापूंनी खाली पडलेलं एक ढेकूळ उचललं, बोटांत चुरडलं, हुंगलं.

"गोपाळ, ये क्या है?"

"मिट्टी, जमादार साब."

"ते मलाही दिसतंय. सिमेंट कुठाय?"

गोपाळनं पहार खाली ठेवली आणि पहिल्यांदाच जोरात बोलला, "साब, सिमेंट तो दो तालों में था! एक चाबी दफ्तर चली जाती थी, दूसरी आप खोलते नहीं थे. दोपहर को मैं क्या हवा से चुनता दीवार?"

पण जयू हे ऐकायला थांबली नव्हती. ती डोकं आधी घालून भोकातून आत शिरली होती. लुगडं विटेला अडकून टरकन फाटलं. आतल्या अंधारात सिमेंटनं पांढरंधोप झालेलं एक ध्यान दारापाशी बसलं होतं, एक हात फटीत. भिंतीतून डोकं आत येताना पाहून त्या ध्यानाचे डोळे मोठे झाले, मग तोंडभर हसू आलं. वर्षभर जेवताना-झोपताना ज्याचं नाव ऐकलं, तो पाहुणा शेवटी आला होता.

"आज्जी," मीना आनंदानं ओरडली, "चोर आला! आई चोर आली!"

जयूनं तिला छातीशी धरलं आणि तिथंच, मातीत, पोत्यांना टेकून बसली. बाहेर सगळे एकदम बोलत होते. तिनं मान वर केली. भोकातून लिंबाचा बुंधा दिसत होता, अर्धं अंगण दिसत होतं, आणि दाराकडून वळसा घालून, गुडघे धरत, धापा टाकत येणाऱ्या अक्का दिसत होत्या. पाटावर बसल्यावर जेवढं दिसायला हवं होतं, तेवढं सगळं. ती जरा जास्तच वेळ बसून राहिली. तिनं भिंतीवर नेमका तिथंच तळवा टेकला तो भीतीनं की मनात दडलेल्या हट्टानं, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. पुढेही कधी आलं नाही.

दुपारी गोपाळ हळूच तिच्याजवळ आला. "बाईसाब, एक अर्ज है. साब कल शाम को आएँगे. मैं सुबह ही यहाँ चौखट बैठा देता हूँ. आपकी खिडकी हो जाएगी, और मिट्टी-विट्टी किसी को दिखेगी नहीं. मेरी भी इज्जत रह जाएगी."

इतकं सोपं होतं ते. खिडकी आयती मिळत होती, आणि ती का झाली याचं कारणही इतकं बिनतोड की यज्ञेश्वररावांना एक शब्द बोलता आला नसता. जयूनं मीनाकडे पाहिलं. ती आता त्या भोकातून आत-बाहेर, आत-बाहेर करत होती. भोकाच्या वर छत होतं, आणि छताखाली ही भिंत. किती विटा सिमेंटच्या, किती मातीच्या, कोणाला ठाऊक. खरं सांगितलं तर हे पुरी भिंत उतरवतील आणि या खेपेला अशी बांधतील की सुईलासुद्धा वाट मिळायची नाही. खिडकी गेली ती गेलीच.

"नको, गोपाळ," ती म्हणाली. "विटा जशा पडल्यात तशाच राहू देत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापूंनी बसस्टँडवरच यज्ञेश्वररावांना गाठलं आणि पोलिसी पद्धतीनं वर्दी दिली, "घरफोडी झाली. मुद्देमाल सुखरूप. आरोपी घरचेच." त्यामुळे यज्ञेश्वरराव प्लॉटवर पोचले ते पांढऱ्या चेहऱ्यानं. आधी त्यांनी मीनाला उचललं आणि तिचा कान, नाक, दहा बोटं तपासली. मग सवयीनं जानव्याची किल्ली काढली, वरचं कुलूप उघडलं आणि रीतसर दारातून आत गेले.

भोकाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. मग विचारलं, "किती वेळ लागला?"

"पाव तास," जयू म्हणाली.

"पाव तास? या भिंतीला?"

"मातीत बांधली आहे. दुपारी सिमेंट मिळत नव्हतं त्याला. तुमच्या दोघांच्या किल्ल्या नव्हत्या ना." ती थांबली. गोपाळ दाराबाहेर हात जोडून उभा होता. "त्याला बोलू नका. माती नसती तर आम्ही अजून फोडतच बसलो असतो."

तिनं कालपासून जपून ठेवलेली वही पुढं केली. यज्ञेश्वररावांनी कालचं पान काढलं. पोती एकोणीस. आत अन्य काही नाही. खाली त्यांची सही होती, टपोरी, खजिन्यातल्या कागदांवर असते तशी, शेवटी शेपटी काढलेली. त्यांनी ते एका ओळीचं पान दोनदा वाचलं आणि एका पोत्यावर खाली बसले. पंधरा वर्षांत त्यांचा एकही हिशेब चुकला नव्हता.

"भोपाळला काय झालं?" जयूनं हळूच विचारलं; काहीतरी विचारायला हवं म्हणून.

"पास झाला." त्यांनी पिशवीतून नकाशा काढला. त्यावर नव्या राज्याचा नवा शिक्का होता, शाई अजून काळीकुट्ट. "जसा दिला तसाच. एका रेघेचा फरक न करता. आता यात कमी-जास्त करायचं तर पुन्हा नवा अर्ज." ते हसले की काय, हे अंधुक उजेडात नीट कळलं नाही. "खिडकी नसलेलं स्वयंपाकघर सरकारनं मान्य केलंय, जयू."

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी खजिन्यात कोणी केली असती तर त्यांनी स्वतः त्याची तक्रार लिहिली असती. कानावरची पेन्सिल काढली, शिक्का मारलेला नकाशा गुडघ्यावर पसरला आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर एक चौकोन काढला. बापू दारातून पाहत होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि अक्कांनी त्यांच्याकडे पाहिल्यावर मिटलं.

"मिस्त्री," यज्ञेश्वरराव म्हणाले, "ही भिंत पुरी उतरवायची. छताला टेकू देऊन, एकेक वीट. आणि सिमेंटमध्ये बांधायची."

"जी साब. और ताला?"

यज्ञेश्वररावांनी किल्ली जानव्यातून सोडली, तळहातावर धरून जरा वेळ पाहिली आणि दाराशी वहीच्या रिकाम्या खिळ्याला अडकवली. "बापूंची किल्ली उद्या. आज त्यांना सवय नाही."

"पण उतरवायच्या आधी एक माप घ्यायचंय," ते पुढं म्हणाले. "जयू, तू नेमकी कुठं बसणार?"

तिनं बोटानं जागा दाखवली. यज्ञेश्वररावांनी धोतर आवरलं आणि त्या जागी, मातीत, मांडी घालून बसले. वर्षभर त्यांनी हे घर गल्लीच्या टोकावरून पाहिलं होतं, भिंतीवरून पाहिलं होतं, बापूंच्या गच्चीवरूनही पाहिलं होतं. इथून ते आजच पाहत होते.

"मीनाला घेऊन बाहेर जा. अंगणात. तिला सोड, नेहमीसारखी खेळू दे."

जयू बाहेर गेली. मीनाला खाली सोडल्याबरोबर ती लिंबाच्या मुळाशी पडलेल्या निंबोण्या वेचायला उकिडवी बसली. दिवस मावळत होता. आतून काहीच आवाज येईना. जयूला वाटलं, हे थकून बसल्या जागी डुलकी घेतात की काय. मीनानं मूठभर निंबोण्या ओच्यात टाकल्या, चार पावलं पुढं गेली, पुन्हा बसली.

"अजून पुढं जाऊ दे," आतून आवाज आला.

मीना लिंबाच्या पलीकडे गेली.

"बसली की दिसत नाही," यज्ञेश्वरराव म्हणाले. मग भोकातून त्यांचा हात बाहेर आला आणि विटांवर थोपटत खाली, आणखी खाली सरकला. "मिस्त्री, इकडे या. अजून दोन विटा खाली घ्या."